वाडा कोणाचा?

पेडण्याच्या देशप्रभूंचा वाडा पाहून परतणारा मनुष्य सामान्यतः दोन प्रकारचे उद्गार काढतो. एकजण म्हणतो, 'काय हे वैभव! असे पुन्हा होणे नाही.' दुसरा म्हणतो, 'हे सारे कोणाच्या घामावर उभे राहिले, याचा विचार कोणी केला आहे काय?' पहिल्याच्या मनात आदर असतो, दुसऱ्याच्या मनात रोष असतो, आणि दोघेही आपापल्या परी खरेच बोलत असतात. परंतु दोघेही एक प्रश्न अर्ध्यावर सोडून देतात. असे घर न्यायाने कोणाचे म्हणावे? ज्याने बांधविले त्याचे, ज्याच्या नावावर कागद आहे त्याचे, की ज्याने ते सांभाळले त्याचे? हा प्रश्न एका घराण्यापुरता मुळीच नाही. पेडणे आणि डिचोली या दोन महालांत लहानमोठी अशी कितीतरी घरे आहेत, आणि आपणांपैकी पुष्कळांची मुळे अशाच एखाद्या घरात, किंवा त्या घराच्या अंगणापलीकडच्या खोपीत, रुजलेली आहेत. म्हणून या प्रश्नाचा विचार करणे हे आपले कर्तव्य ठरते.

प्रथम इतिहास पाहू. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या जुन्या काबिजादींत देवळे पाडली गेली, आणि दैवते रातोरात नद्या ओलांडून सुरक्षित मुलखात नेण्यात आली. दिवाडीचा श्रीसप्तकोटेश्वर अशाच रीतीने डिचोली महालातील नार्व्यास आला, आणि १६६८ साली शिवछत्रपतींनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. ज्या मुलखाने देवांना आसरा दिला तो मुलूख पोर्तुगीजांच्या हाती पडला तो फार उशिरा. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल १७८१ ते १७८८ या काळात सावंतवाडीकर भोसल्यांकडून त्यांच्याकडे गेले. तोवर काळ पालटला होता. नव्या काबिजादींतील लोकांचा धर्म, त्यांची देवळे आणि त्यांचे रीतिरिवाज राखण्याचे अभिवचन राज्यकर्त्यांस द्यावे लागले. घरातील देवघर आणि गावातील देऊळ या दोहोंस धक्का न लागता परकी अंमल येथे स्थिरावला, आणि देशप्रभूंच्या वाड्यासारखी वास्तू उभी राहण्यास अवकाश मिळाला तो त्यामुळेच.

वाड्याचे आजचे भव्य रूप एकोणिसाव्या शतकातील आहे. पलीकडे इंग्रजांच्या छत्राखालील सावंतवाडी संस्थानात व्हिक्टोरिया राणीचे नाणे चालत होते, अलीकडे लिस्बनच्या राजाचा अंमल होता, आणि या दोन सत्तांच्या सीमेवर पेडण्याचे हे घराणे आपला मान राखून होते. 'देशप्रभू' हे मुळात वतनाचे नाव आहे. पुढे पोर्तुगालच्या राजाने या हिंदू घराण्यास व्हिस्कोंद ही सरदारकीची पदवी दिली. वाडा सोळा चौकांचा म्हणून सांगितला जातो. दर्शनी भागात पाश्चात्त्य धर्तीचा दिवाणखाना, तसबिरी, कोरीव खुर्च्या, हंड्या-झुंबरे. आत गेल्यावर मात्र चौकामागून चौक, आणि वाड्याच्या पोटातच कुटुंबाचे स्वतःचे देऊळ. गव्हर्नरसाहेबाचे स्वागत करावयाची जागा वेगळी आणि देवापुढे बसावयाची जागा वेगळी, अशी ही रचना आहे. कोणी हिला दुटप्पीपणा म्हणेल. मला ती त्या काळाची तडजोड वाटते. परक्याशी व्यवहार करावा, त्याची पदवीही घ्यावी, परंतु त्याने कोठवर यावे हे आपण ठरवावे, असा तो विचार दिसतो.

येथपर्यंत घराण्याची बाजू झाली. परंतु उंबरठा जसा परक्यास अडवितो तसाच तो आपल्यासही अडवितो, हे विसरून चालणार नाही. गोमंतकातील कोणत्याही जुन्या हिंदू घराची मांडणी आठवा. पुढे अंगणात तुळशीवृंदावन, मग सोपे, मग वसरी, मध्ये खांबांनी वेढलेले राजांगण, त्याभोवती माजघर, देवघर, कोठार, बाळंतिणीची खोली, आणि मागे न्हाणी व विहीर. या घराचा नकाशा म्हणजे एका अर्थाने समाजाचाच नकाशा होय. अमुक अंगणापर्यंत, तमुक सोप्यापर्यंत, अमका वसरीपर्यंत, आणि फारच थोडे राजांगणाच्या आत. भिंतीचा चिरा खाणीतून काढून डोक्यावरून वाहून आणणारा, शिंपले भाजून चुना मळणारा, खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या बसविणारा, रानातून आढ्याचे लाकूड ओढून आणणारा, यांपैकी बहुतेकांनी ते घर पुरे झाल्यानंतर आतून पाहिले नाही. घर बांधून होईपर्यंत ते त्यांचे असते. वास्तुशांत झाली की त्यांचे राहत नाही.

आणि तरीही वास्तुशांतीचा विधीच आपणांस काही निराळे शिकवितो. भूमीवर कुदळ मारण्यापूर्वी त्या जागेत पूर्वीपासून वसणाऱ्या भूतमात्रांस आपण बळी देतो, त्यांची क्षमा मागतो, आणि अन्यत्र जाण्याची विनंती करतो. याचा अर्थ इतकाच की, ही जागा पूर्वी दुसऱ्या कोणाची होती आणि आपण नंतर आलो, ही कबुली दिल्यावाचून हिंदू मनुष्य घर बांधू शकत नाही. पेडण्या-डिचोलीकडे तर प्रत्येक जागेस राखणदार असतो. शेताच्या बांधावर, कुळागराच्या कडेला त्यास वर्षाचा रोट द्यावा लागतो. जमिनीच्या उताऱ्यावर कोणाचेही नाव असो, जागेवाला तो. जी परंपरा मालकास दरवर्षी सांगते की तू येथे पाहुणा आहेस, तिच्यात वाढलेल्या मनुष्याने 'माझे घर' हे शब्द किती जपून उच्चारले पाहिजेत!

हा विचार मला एका प्रत्यक्ष घटनेमुळे सुचला. डिचोली तालुक्यात आमच्या आप्तांचे एक जुने घर आहे. फार मोठे नव्हे. एकच राजांगण, मागे कुळागर, आणि कुळागराच्या कडेला मुंडकारांची दोन-तीन घरे. कुटुंबातील मंडळी कोणी मुंबईस, कोणी पुण्यास, कोणी पोर्तुगालात. घर उघडे ते चवथीच्या दिवसांतच. माटोळी बांधली जाई, आरत्यांचा गजर होई, पाच दिवसांनी गणपती बोळवून सारे पुन्हा आपापल्या वाटेने जात. उरलेले वर्षभर देवपूजेस एक भटजी येऊन जात. अंगणातील तुळशीपाशी मात्र रोज तिन्हीसांजेस दिवा लागे, तो लावी एक मुंडकारीण, वृद्ध आणि विधवा. अंगण तीच झाडी, पावसाळ्याआधी कौले सरकली आहेत की काय ते मुलाकडून पाहवून घेई, चोरटे आले तर आरडाओरड करी. यासाठी तिला कोणी काही देत नसे, आणि तिने कधी मागितलेही नाही. तिच्या सासऱ्याचा सासरा त्याच जागेत राहिला होता.

एके वर्षी चवथीच्या दुसऱ्या दिवशी घरात बातमी आली की, तिने आपल्या राहत्या घरासाठी मुंडकार कायद्याखाली अर्ज केला आहे. जेवणाच्या पंगतीत एकच गहजब उडाला. 'आम्ही तिला घरच्यासारखी वागविली, आणि तिने आमचा विश्वासघात केला,' असे घरातील कर्ते गृहस्थ म्हणाले, आणि बहुतेकांनी माना डोलविल्या. तेव्हा कोपऱ्यात बसलेली एक वृद्ध आत्या हळूच म्हणाली, 'तिका आमी देवघर केन्ना तरी दाखयलां?' कोणी उत्तर दिले नाही. चाळीस वर्षे तुळशीपुढे दिवा लावणाऱ्या त्या बाईने घरातला देव पाहिला नव्हता.

तिने विश्वासघात केला होता काय? या प्रश्नाचा निर्णय रागाच्या भरात होण्यासारखा नाही. भाटकाराचीही बाजू ऐकली पाहिजे. भाटकाराने जागा दिली, खोपीस लाकूड दिले, लग्नकार्यात तांदूळ दिले, आजारपणात औषध दिले, हे पुष्कळ ठिकाणी खरे आहे आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु ती कृपा होती. कृपा करणाऱ्याची मर्जी फिरली की ती नाहीशी होते. मर्जी फिरताच खोप मोडून, बायकामुलांसह डोक्यावर गाठोडे घेऊन दुसऱ्या भाटात आश्रय मागणाऱ्या मुंडकारांच्या कथा याच गोमंतकात आहेत. ज्या घरातून कोणत्याही सकाळी निघावे लागेल त्या घरास आपण घर म्हणू काय? आणि ज्याला असे घर दिले, त्याच्याकडून निष्ठा मागण्याचा अधिकार देणाऱ्यास कितपत राहतो? त्या वृद्धेने मागितले ते मोठे घर नव्हते, राजांगण नव्हते, कुळागरही नव्हते. जेथे ती आधीपासून राहत होती तेथेच तिला राहावयाचे होते. फक्त कोणाच्या कृपेवाचून.

गोमंतकाच्या कायद्याने हा भेद मुक्तीनंतर ओळखला. येथे एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. ज्या पेडण्यात देशप्रभूंचा वाडा, त्याच पेडण्यात १९११ साली दयानंद बांदोडकर जन्मास आले. देवळाच्या सेवेशी पिढ्यान् पिढ्या जखडलेल्या समाजातून आलेला हा पुरुष १९६३ च्या डिसेंबरात गोव्याचा पहिला मुख्यमंत्री झाला, आणि १९६४ साली कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. पुढे १९७५ चा मुंडकार कायदा आला. मुंडकारास घरातून काढण्यास बंदी झाली आणि राहते घर व भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क त्यास मिळाला. १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळास जमिनीचा मालक मानले. डिचोली तालुक्यातील मये गावाची कथा तर याहून बोलकी आहे. पोर्तुगीज अंमलात हा गाव एका सरदार घराण्यास इनाम मिळाला होता. १९६१ नंतर मालक निघून गेला, मालमत्ता 'परागंदा मालमत्ता' म्हणून सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली, आणि गावकरी, जे कोठेच परागंदा झाले नव्हते, ते आपल्याच घरात परके ठरले. इनामे आणि पदव्या रद्द करून त्यांचा मार्ग मोकळा करणारा कायदा व्हावयास २०१४ साल उजाडले, आणि सनदा हाती पडण्यास त्याहूनही अधिक काळ लागला.

तेव्हा कोणी म्हणेल, मग वाडे पडू द्यावेत. अन्यायावर उभे राहिलेले ते कोसळले तर वाईट काय? हा निष्कर्ष मला मान्य नाही. वाड्याच्या भिंती कोसळल्याने कोणा मुंडकाराची झोपडी उभी राहत नाही. शिवाय त्या भिंती जशा मालकाच्या तशाच त्या गवंड्याच्या, सुताराच्या आणि चिरेखाणीतल्या मजुराच्याही आहेत. त्यांची नावे कोणत्याही कागदावर नाहीत. त्यांचे जे काही उरले आहे ते त्या खांबांवरील नक्षीत आणि त्या चुन्याच्या गिलाव्यातच. वाडा पाडणे म्हणजे त्यांची शेवटची खूणही पुसणे होय.

वाडे पडतात ते बहुधा निराळ्याच कारणाने. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून गोव्यात लागू झाला. त्याच्या वारसाव्यवस्थेत मुलगा आणि मुलगी यांस समान वाटा मिळतो, पतिपत्नीची मालमत्ता सामान्यतः समाईक मानली जाते, आणि वारसांचा निम्मा हिस्सा मृत्युपत्रानेही कोणास हिरावून घेता येत नाही. २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्यातही ही तत्त्वे कायम राहिली. हे सारे न्यायाचेच आहे. मुलींना समान वाटा देण्यात गोवा उर्वरित देशाच्या कितीतरी पुढे होता. परंतु तीन पिढ्यांनंतर एकाच छपराचे वीस-पंचवीस मालक होतात, आणि इन्व्हेंतार कोर्टात पडून राहतो. मघाशी सांगितलेल्या घरात माजघरावरचे आढे वाळवीने पोखरले होते. दर चवथीला त्याची चर्चा होई. ज्याचा सोळावा हिस्सा त्याने सोळावा भाग खर्च करावा की सारखा, यावर दरवर्षी वाद होई, आणि गणपतीबरोबर तो वादही पाण्यात जाई. कायद्याने प्रत्येकास हक्क दिला; सांभाळण्याचे कर्तव्य मात्र कोणाच्याच वाट्यास आले नाही.

येथेच आपल्या देवस्थानांकडे पाहण्याजोगे आहे. देवाचे घर वाटले जात नाही. महाजन कितीही झाले तरी देऊळ त्यांच्यांत विभागले जात नाही, कारण मालक देव असतो आणि महाजन केवळ व्यवस्थापक. पोर्तुगीज सरकारच्या १८८६ आणि १९३३ च्या नियमावलींनी महाजनकीची व्यवस्था कागदावर बांधून टाकली. परंतु त्यामागील कल्पना आपली, आणि फार जुनी आहे. जे आपल्याकडे आले ते पुढच्याच्या हाती सुस्थितीत द्यावयाचे, दरम्यान त्याचे उत्पन्न खावयाचे नाही, हिशेब द्यावयाचा. गांधीजींनी विश्वस्तवृत्ती म्हणून जी सांगितली तिचे प्रात्यक्षिक, निदान कल्पनेत, प्रत्येक देवळात आहे. घराच्या बाबतीत आपण हीच वृत्ती धरली, तर पुष्कळ वाडे वाचतील.

परंतु हा दाखला देताना देवस्थानांनाही आरसा दाखविला पाहिजे. देवळाचाही उंबरठा कित्येक शतके आपल्याच माणसांस अडवीत आला. देवस्थानांच्या जमिनींवरही कुळे आहेत, मुंडकार आहेत. सभामंडपास नवी फरशी बसविताना, शिखरास रंग देताना, देवाच्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्याच्या घराचा कागद झाला आहे की नाही, हा प्रश्न किती सभांत विचारला जातो? खाजगी भाटकाराच्या हातून झाला तर जो अन्याय, तो देवाच्या नावाने झाल्यास पुण्य होत नाही.

म्हणून वाडा कोणाचा, या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. बांधण्याने, विकत घेण्याने, वारशाने मालकी येते, आणि कायदा ती राखतो. त्याविषयी तक्रार नाही. परंतु ही सारी साधने एकदाच घडून गेलेली असतात. सांभाळणे तेवढे रोज नव्याने करावे लागते. ज्याने रोज सांभाळले त्याचे ऋण घरावर असते, आणि ते ऋण घराबरोबरच वारसांकडे येते. वाडा राखावयाचा असेल तर आधी त्याच्या आश्रयाने राहिलेल्यांची घरे त्यांच्या नावावर पक्की करून द्यावीत, आणि नंतर वाड्याच्या छपरास हात घालावा. क्रम उलटा झाला तर राखलेला वाडा केवळ प्रदर्शन होईल. पेडणे महालात तर आता विलंबास जागा उरलेली नाही. २०२३ च्या जानेवारीत मोपाच्या विमानतळावरून विमाने उडू लागल्यापासून येथील जमिनीवर दूरदूरच्यांची दृष्टी वळली आहे. ज्यांना राखणदार ठाऊक नाही आणि रोटही ठाऊक नाही असे खरेदीदार दारात उभे असताना, वीस वारसांचे घर आणि कागद नसलेली खोप ही दोन्ही सारखीच असुरक्षित आहेत. हे भाटकाराने ओळखावे आणि मुंडकारानेही ओळखावे.

पेडण्याची पुनव आपणांस ठाऊक आहेच. कोजागरीस देव रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे निघतात. लोककथा सांगते की, भूतनाथाने आपणांसाठी एका रात्रीत देऊळ बांधून मागितले, आणि उजाडले तरी ते पुरे झाले नाही. तेव्हापासून तो दर पुनवेस रागावून रानाकडे धाव घेतो, आणि लोक 'बांधतो, बांधतो' असे विनवून त्याला माघारी आणतात. देव भोळा, तो दरवर्षी परत येतो. ज्या गावात सोळा चौकांचा वाडा उभा राहिला त्याच गावात घर मागणारा एक देव वचनावर दिवस काढीत आहे, हे मला नेहमी विचार करावयास लावते. देवाची समजूत आपण वचनाने घालू शकतो. माणसाचे तसे नाही. त्याचे आयुष्य थोडे.

त्या मुंडकारणीच्या अर्जाचा निकाल तिच्या हयातीत लागला नाही. घर तिच्या मुलाच्या नावावर झाले. त्याने मातीच्या भिंती काढून चिऱ्याच्या घातल्या आणि नवी कौले चढविली. मोठ्या घराचे आढे त्यापुढच्या पावसाळ्यात खाली आले. वारसांची वाटणी अजून व्हावयाची आहे. मध्यंतरी संध्याकाळच्या वेळी त्या बाजूने जाणे झाले, तेव्हा पडक्या घरापुढील तुळशीपाशी दिवा लागलेला दिसला. मुंडकाराची सून तो लावून मागे फिरत होती. तिला तसे करण्यास आता कोणतेही कारण उरले नव्हते.